कर्ण्यापासून फडताळापर्यंत

वऱ्हाडच्या काळ्या कपाशीच्या भुईत, अमरावतीहून यवतमाळास जाणाऱ्या सडकेवर नेर हे तालुक्याचे गाव आहे. नेर-परसोपंत या जोडनावानेही ते ओळखले जाते. ज्या जिल्ह्यात ते मोडते त्यास १९०५ पूर्वी वणी जिल्हा म्हणत. त्या साली त्याचे नाव यवतमाळ झाले. गावातील जुनी घरे या भागाच्या रिवाजाप्रमाणे मातीच्या जाड भिंतींची, सागवानी वाशांची व वर कवेलू घातलेली; नवी घरे विटा-सिमेंटची व सपाट छताची. परंतु घर जुने असो वा नवे, मध्यमवर्गीय कुटुंबास गाणे ऐकण्यासाठी वेगळी काढता येणारी खोली बहुधा दहा फूट रुंद व बारा फूट लांब, याहून मोठी नसते. एका भिंतीत पुस्तकांचे फडताळ, एका कोपऱ्यात खाट, खाली सतरंजी. अशा खोलीत गाणे ऐकण्यासाठी कोणती ध्वनिपेटी, म्हणजे चालू भाषेत कोणता स्पीकर, आणावा हा प्रश्न वरवर बाजारहाटाचा दिसतो. वस्तुतः त्याच्या मागे सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे, आणि तो इतिहास ज्यास ठाऊक नाही त्यास त्याची किंमत रोख मोजावी लागते.

या इतिहासाचा आरंभ यंत्रापासून करणे बरोबर होणार नाही. महाराष्ट्रातील ख्यालगायन हे मुळात लहान जागेचे गायन होय. वाड्याची माडी, सरदाराचा दिवाणखाना, एखाद्या रसिकाची ओटी, येथे बैठक भरे. गवई व श्रोता यांच्यात चार-सहा हातांचे अंतर असे. तंबोऱ्याची जवार, गवयाने घेतलेला श्वास, डग्ग्यावर घासलेला तळहात हे सारे ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचे. पुढे १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यास 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि गाणे मोठ्या नाटकगृहात गेले. तेथे ध्वनिवर्धक नव्हता. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकापर्यंत आवाज नेणे हे नटाच्या छातीचे काम होते. अशा रीतीने मराठी कानास दोन सवयी लागल्या: एक बैठकीची, जवळून बारकावे ऐकण्याची, दुसरी नाटकगृहाची, दुरून भरदार आवाज ऐकण्याची. घरात येणाऱ्या यंत्राकडून यांपैकी कोणती अपेक्षा ठेवावयाची, हाच पुढील सर्व वादाचा गाभा आहे.

एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ सिद्ध केला व बर्लिनरने १८८७ मध्ये तबकडीची युक्ती काढली. १९०२ च्या नोव्हेंबरात गेस्बर्ग नावाच्या ध्वनिमुद्रकाने कलकत्त्यास गौहरजान प्रभृती कलावंतांचे गाणे तबकड्यांवर घेतले. तेव्हापासून हिंदुस्थानात तबकडीचे युग सुरू झाले. त्या काळी ध्वनिमुद्रणात विजेचा संबंध नव्हता. गवयाने कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गावयाचे. त्या आवाजाच्या जोराने एक पातळ पडदा हलावयाचा व त्यास जोडलेल्या सुईने मेणावर रेघ ओढावयाची. ऐकतानाही क्रिया तीच, केवळ उलट. सुई रेघेतून फिरे, पडदा थरथरे व कर्णा तो आवाज खोलीत फेकी. मेणावर रेघ ओढणाऱ्या सुईस शक्ती पुरवणारा गवयाचा कंठच होता.

त्यामुळे जे आले ते अर्धेमुर्धे आले. सेकंदाला सुमारे २०० कंपनांच्या खालचा व दोन-अडीच हजारांच्या वरचा ध्वनी त्या कर्ण्यात फारसा उतरत नसे. खर्ज गेला, तंबोऱ्याची जवार गेली, व्यंजनांची धार बोथट झाली. आणि तीन मिनिटांच्या मर्यादेत विलंबित ख्यालही गेला. पं. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये निवर्तले. ज्यांच्या गाण्याची कीर्ती महाराष्ट्राने पिढ्यानपिढ्या सांगितली, त्यांचा आवाज मात्र तबकडीवर राहिला नाही. ज्यांचे गाणे राहिले त्यांच्यावरही अन्याय व्हावयाचा तो झालाच. अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाणे १९०५ च्या सुमारासही तबकडीवर घेतले गेले व पुन्हा १९३७ मधील त्यांच्या निधनापूर्वीच्या काही वर्षांतही घेतले गेले. दोन्ही काळच्या तबकड्या एकापाठोपाठ ऐकल्या म्हणजे कळते की मधल्या काळात केवळ गवयाचे वय व गायकी बदलली नव्हती, ऐकणारे यंत्रही बदलले होते. जो श्रोता हा भेद जाणत नाही तो यंत्राचा दोष गवयाच्या माथी मारतो आणि 'जुन्या लोकांचे आवाज चिरके होते' असा निकाल देऊन मोकळा होतो. ध्वनिपेटीच्या निवडीत पणाला लागते ते हेच. ती केवळ करमणुकीची वस्तू नव्हे. गेलेल्या माणसांची साक्ष ती आपल्यापुढे वठवीत असते, आणि साक्ष खोटी वठली तर निवाडाही खोटाच होणार.

१९२५ हे वर्ष या कथेतील मोठे वळण होय. त्या वर्षी विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत व्यवहारात आली, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोघा अभियंत्यांनी नव्या स्पीकरचा प्रबंध प्रसिद्ध केला. त्यातील योजना अत्यंत साधी आहे. प्रबळ लोहचुंबकाच्या फटीत तारेचे एक हलके वेटोळे असते. ते कागदाच्या शंकूस चिकटवलेले असते. वेटोळ्यातून गाण्याचा विद्युत्प्रवाह गेला की ते पुढेमागे हलते, शंकू हवेस ढकलतो व ध्वनी निर्माण होतो. आज घरोघरी जे स्पीकर आहेत त्यांपैकी बहुतेक सर्व याच योजनेची संतती होत.

परंतु या शंकूची एक अडचण होती, आणि ध्वनिपेटीची पेटी होण्यास तीच कारण झाली. शंकू पुढे सरकला म्हणजे समोरची हवा दाबली जाते, त्याच क्षणी पाठीमागची विरळ होते. मंद्र स्वरांच्या लाटा लांब असल्याने मागची लाट वळसा घालून पुढे येते व पुढच्या लाटेस मारून टाकते. म्हणून शंकूच्या पुढची व मागची हवा परस्परांपासून वेगळी ठेवावी लागते. त्याकरिता मोठी फळी तरी हवी, नाही तर पेटी तरी हवी. पेटी लहान केली तर तिच्यातील कोंडलेली हवा शंकूस मोकळेपणाने हलू देत नाही. मोठी केली तर घरात ठेवावयाची कोठे, हा प्रश्न पडतो.

मराठी घरांत या पेटीचा प्रवेश रेडिओच्या रूपाने झाला. मुंबईचे केंद्र १९२७ च्या जुलैमध्ये सुरू झाले; १९३६ मध्ये नभोवाणीच्या सरकारी संस्थेस ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले; आणि १९४८ च्या १६ जुलैस नागपूर केंद्र सुरू झाले. नेरपासून नागपूर सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर. वऱ्हाडातील गावांना आपल्या बोलीच्या जवळचा आवाज या केंद्राने दिला. त्या काळचा रेडिओ म्हणजे चांगल्या लाकडाची पेटी, आत एकच स्पीकर, पाठ बहुधा छिद्रांच्या पातळ पुठ्ठ्याने झाकलेली. त्यात फार खोल खर्ज नव्हता व फार उंच झंकारही नव्हता. पण मनुष्याचा आवाज, मग तो बातम्या सांगणाऱ्याचा असो वा गायकाचा, ओळखीचा व उबदार येई. १९५५ च्या रामनवमीस, १ एप्रिल रोजी, पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' सुरू झाले आणि वर्षभर चालले. त्या वेळी लोक रेडिओभोवती जमत, त्यास हार घालीत, अशा आठवणी आजही सांगितल्या जातात. एका लहान शंकूने एवढे काम केले ते काय म्हणून? कारण त्यावर शब्द स्वच्छ ऐकू येत होता. मोठ्या आवाजाचा किंवा खोल खर्जाचा त्यात वाटा नव्हता.

पुढे मात्र मोठेपणाची चढाओढ लागली. १९४८ मध्ये दीर्घकाळ चालणारी तबकडी निघाली, १९५८ च्या सुमारास दोन बाजूंनी दोन ध्वनी देणारी, म्हणजे स्टिरिओ, तबकडी बाजारात आली. तबकडीवर आता खर्जही होता व झंकारही होता. तो बाहेर काढावयाचा तर कपाटाएवढ्या पेट्या हव्यात, अशी समजूत रूढ झाली. ही समजूत सर्वस्वी खोटी नव्हती, पण अपुरी होती. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर विल्चर याने उलटा विचार केला. कोंडलेली हवा ही शत्रू न मानता तिलाच स्प्रिंग मानावे, शंकूची स्वतःची लवचीक बैठक मुद्दाम अगदी सैल ठेवावी व हवेच्या दाबाने त्यास जागेवर आणावे, अशी त्याची कल्पना होती. या बंद पेटीने कपाटाएवढ्या पेटीचे काम फडताळावर ठेवता येईल एवढ्या आकारात करून दाखविले. १९६० नंतरच्या दशकांत ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील व रिचर्ड स्मॉल यांच्या संशोधनाने, पेटी बंद असो वा भोक ठेवलेली असो, तिचे माप आधी गणिताने काढणे शक्य झाले, आणि सुताराच्या अंदाजाची जागा हिशेबाने घेतली.

तथापि निसर्ग फुकट काही देत नाही. विल्चरच्याच काळातील जोसेफ अँटन हॉफमन या अभियंत्याने एक नियम सांगितला आहे. लहान पेटी, खोल खर्ज व थोड्या शक्तीत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. कोणत्याही दोन मागाव्यात, तिसरी सोडावी. पंक्तीत पाहुणे तीन आणि पाट दोनच, असा हा प्रकार आहे. दुकानदार जेव्हा तिन्ही पाहुण्यांस बसवून दाखवितो तेव्हा त्यांपैकी एक जण उभाच आहे हे गिऱ्हाइकाने ओळखावे.

लहान खोलीच्या दृष्टीने या कथेतील सर्वांत बोधप्रद प्रकरण इंग्लंडमधील बीबीसीचे आहे. बाहेरगावचे कार्यक्रम प्रक्षेपित करण्यासाठी बीबीसीच्या मोटारगाड्या असत. गाडीतील अरुंद जागेत बसलेल्या अभियंत्यास आवाज पारखता यावा म्हणून अगदी लहान पण प्रामाणिक स्पीकर हवा होता. संस्थेच्या संशोधन विभागात मोठ्या सभागृहांच्या एक-अष्टमांश आकाराच्या प्रतिकृती करून ध्वनीचा अभ्यास चालू होता. त्या कामासाठी केलेल्या लहान स्पीकरमधून ही नवी पेटी जन्मास आली. तिचे नाव एलएस ३/५ए. १९७६ च्या ऑक्टोबरात हारवुड, व्हॅटन व मिल्स या तिघांच्या नावाने तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. उंची सुमारे एक फूट, रुंदी साडेसात इंच, खोली साडेसहा इंच. आत पाच इंची शंकू व पाऊण इंचाचा घुमट. एका वॅटने एक मीटर अंतरावर तिचा आवाज जेमतेम ८२ ते ८३ डेसिबल होतो, म्हणजे ती शक्तीच्या बाबतीत खादाड आहे. आवाज मोठा करण्याची हौस तिने सोडली, अतिखोल खर्ज सोडला. पण मधल्या सप्तकांतील सत्य सोडले नाही. आणि तिची पारख कशाने झाली? बीबीसीच्या अभियंत्यांचा जुना परिपाठ असा की परिचित माणसाचे बोलणे प्रत्यक्ष ऐकावे, मग तेच स्पीकरमधून ऐकावे, व दोहोंतील फरक शोधावा. वाद्यवृंद कानास चकवू शकतो. ओळखीच्या माणसाचा आवाज चकवू शकत नाही.

या पेटीची मर्यादा सेकंदाला सुमारे ७० कंपने ही आहे. त्याखाली तिचा आवाज झपाट्याने उतरतो. इंग्रजी वाद्यवृंदातील सर्वांत मोठ्या तंतुवाद्याचा खालचा स्वर ४१ कंपनांचा असतो, तो तिच्यात मूळ जोमाने येणार नाही. पण मराठी बैठकीचे काय? काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गवयाचा मध्य षड्ज सुमारे १३९ कंपनांचा. त्याच्या तंबोऱ्याचा मंद्र पंचम सुमारे १०४ चा. आणि सर्वांत खालची खर्जाची तार सुमारे ६९ कंपनांची. म्हणजे ज्या ठिकाणी ही एक फुटाची पेटी थांबते, नेमक्या त्याच ठिकाणी तंबोराही थांबतो. शिवाय तंबोऱ्याची गोडी मूळ कंपनापेक्षा त्यावरच्या स्वयंभू स्वरांत अधिक असते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा व वीणा यांवर निबंध लिहून दाखविले की घोडीची विशिष्ट बाकदार बैठक व जवारीचा धागा यांमुळे त्यांच्या तारेत वरच्या स्वरांची अशी दाटी होते, जी साध्या घोडीच्या वाद्यात होत नाही. त्यापूर्वी १९२० मध्ये त्यांनी व शिवकाली कुमार यांनी मृदंग-तबल्याच्या शाईचेही असेच रहस्य उलगडले होते. मूळ स्वर क्षीण असला तरी वरचे स्वर नीट ऐकू आले म्हणजे कान मूळ स्वर स्वतः भरून काढतो, हा श्रवणेंद्रियाचा धर्म आहे. म्हणून ज्या घरात ख्याल, भजन, नाट्यगीत व भावगीत ऐकावयाचे आहे त्या घराने लहान पेटी घेतली तर ते काही गरिबीचे लक्षण नव्हे. ती योग्य निवड ठरू शकते.

आता खोलीकडे वळावे. हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबाइन या अध्यापकाने १८९५ पासून एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात नाटकगृहातील गाद्या आणून, त्या कमीअधिक करून, घुमाराचा नियम शोधला. घुमार खोलीच्या घनफळाबरोबर वाढतो व ध्वनी शोषणाऱ्या पृष्ठाबरोबर घटतो, हे त्याचे सार. नेरमधील दहा फूट रुंद, बारा फूट लांब व दहा फूट उंच खोली घेतली, तिच्या भिंती, तळ व छत सारे गुळगुळीत सिमेंटचे आणि आत सामान काही नाही असे धरले, तर या नियमाने घुमार अडीच-तीन सेकंदांपर्यंत जातो. गायकाची एक तान संपण्यापूर्वी मागची तान अद्याप भिंतींवर आदळत असते. त्याच खोलीत गादी, लोड, जाड पडदे, सतरंजी व पुस्तकांनी भरलेले फडताळ आले की घुमार अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतो. आजोबांच्या काळच्या बैठकीत लोड-तक्के मांडीत ते शोभेसाठी व सुखासाठी. पण नकळत ते ध्वनिशास्त्राचेही काम करीत होते. म्हणून स्पीकरवर आणखी रुपये घालण्यापूर्वी खोलीत एक जाड सतरंजी घालावी. एवढ्या थोड्या खर्चात एवढा पालट दुसऱ्या कशाने होत नाही.

खोलीचा दुसरा स्वभाव असा की समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये विशिष्ट मंद्र स्वर अडकून घुमतात. बारा फुटांच्या लांबीत सेकंदाला सुमारे ४७ कंपनांचा व दहा फुटांच्या रुंदीत सुमारे ५६ कंपनांचा स्वर असा घुमतो; आणि उंचीही दहाच फूट असली तर तो दुसरा स्वर दुहेरी घुमतो. कपाटाएवढा स्पीकर नेमके हेच स्वर जोराने काढतो, व लहान खोली त्यांस फुगवून सोडते. मग डग्गा व ढोल यांत भेद उरत नाही. ७० कंपनांवर थांबणारी लहान पेटी या अडकणाऱ्या स्वरांना बहुतांशी छेडीतच नाही. जी तिची उणीव म्हणून सांगितली जाते तीच लहान खोलीत तिचा गुण ठरते.

जागेचाही असाच विचार करावा. जुन्या घरांत रेडिओ कोनाड्यात किंवा कोपऱ्यातील फळीवर ठेवण्याची चाल होती. भिंत व कोपरा मंद्र स्वरांना उचलून धरतात. उघड्या पाठीच्या, खर्जाने दुबळ्या रेडिओस त्याने मदत होई. आजच्या पेटीचे भोक पाठीमागे असेल तर तीच जागा तिला बाधते व आवाज डबक्यासारखा घुमतो. अशी पेटी भिंतीपासून हातभर पुढे, तिवईवर ठेवावी. फडताळातच ठेवणे भाग असेल तर बंद पेटी किंवा पुढे भोक असलेली पेटी पाहावी, ती फळीच्या कडेशी आणावी, बाजूची मोकळी जागा पुस्तकांनी भरावी, व वरचा लहान घुमट बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीस येईल असे करावे. दोन पेट्यांमध्ये जेवढे अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर ऐकणाऱ्याने बसावे. दहा-बारा फुटांच्या खोलीत हे अंतर सहा-सात फुटांचे होते, म्हणजे पुन्हा बैठकीचेच!

शक्तीचा हिशेबही भिण्यासारखा नाही. अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो, शक्ती दुप्पट केली की तीनने चढतो. वर सांगितलेली खादाड पेटीदेखील एका वॅटने दोन मीटरांवर सुमारे ७६ डेसिबल देते, आणि समोरासमोरचे साधे बोलणे साठाच्या आसपास असते. भिंतीपलीकडे मुलांचा अभ्यास व वडीलधाऱ्यांची झोप असलेल्या घरात याहून मोठा आवाज रोज कोण करणार? शेकडो वॅटांचे आकडे लग्नाच्या मांडवास शोभतात. तेथे व बाजाराच्या चौकात कर्णाच हवा. पखवाज-ढोलांचा गजर किंवा बोलपटातील गडगडाट हाच ज्यांचा आनंद, त्यांनीही मोठी पेटी व तिला शोभेल अशी मोठी खोली पाहावी. त्यांच्याशी वाद नाही.

परंतु ज्या कुटुंबात अशी खरेदी वीस वर्षांतून एकदा होते, त्याने दुकानात जाताना एक ओळखीच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण बरोबर न्यावे. घरच्या माणसाचे साधे बोलणे असेल तर उत्तम. ते प्रथम लावावे, गाणे नंतर. बोलणारा माणूस नाकात किंवा पिंपात बोलतो असे वाटले तर ती पेटी कितीही देखणी असो, परत ठेवावी. मग तंबोऱ्यासह एखादा विलंबित ख्याल लावावा, व आवाज हळू करीत करीत न्यावा. अगदी हळू आवाजातही जवार विरत नसेल व शब्द कळत असेल, तर त्या पेटीस घरी आणण्यास हरकत नाही. कर्ण्याच्या काळी यंत्रापुढे गवयास मान वाकवावी लागली. आता यंत्र एवढे शहाणे झाले आहे की ते फडताळाच्या कडेशी बसून गवयास खोलीत मोकळे सोडू शकते. निवड करणाऱ्याने त्याच्याकडून तेवढेच मागावे, पण तेवढे मात्र निक्षून मागावे.